मोटार रात्रीत पाणी सोडते, घरी फुटबॉल करता येईल का?

प्रश्न : नमस्कार. आमच्या घरामागं जुना आड आहे, पाणी १६ फुटांवर. त्यावर अर्धा एचपीची मोनोब्लॉक मोटार आहे आणि स्लॅबवरची टाकी मोटारीपासून २५ फूट वर. संध्याकाळी टाकी भरून ठेवतो, सकाळी बटण दाबलं की मोटार नुसती घुरघुर करती, पाणी येत नाही. मग बूच काढायचं, तांब्या तांब्या पाणी ओतायचं, तेव्हा कुठं धरती. मी कामावर गेलो की हे सगळं आईला करावं लागतं. मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा पाइपच्या तोंडाला एका कडेनं चिकटवून घरीच झडप केली, दोन दिवस मस्त चालली, तिसऱ्या दिवशी परत पहिल्यासारखं. घरी टिकणारा वॉल करता येतो का? (एक वाचक, मिरज तालुका)

उत्तर : करता येतो दादा, पण आधी एक बघायचंय, पाणी नक्की झडपेतूनच जातंय का. कारण निम्म्या वेळा दोष वरच्या जॉइंटचा असतो आणि लोक उगाच आडातला सगळा पाइप वर ओढून फुटबॉल खोलत बसतात (नव्या वाचकांसाठी सांगतो, फूट वॉल्व्ह म्हणजे सक्शन पाइपच्या, म्हणजे आडातून मोटारीकडं पाणी आणणाऱ्या पाइपच्या, तळाला बसवलेली एकाच बाजूला उघडणारी झडप, आपल्याकडं तिला सगळे फुटबॉलच म्हणतात, मी पण तेच म्हणणार).

तपासायचं असं. मोटार बंद, मेन स्विच खाली. बूच काढून काठोकाठ पाणी भरायचं आणि तिथंच बसून दहा मिनिटं बघायचं. पातळी उतरत असेल तर सक्शनचा वरचा सगळा पाइप कोरड्या फडक्यानं पुसून हात फिरवायचा, एखादा जॉइंट ओला लागला तर तो गळतोय. सगळं कोरडं आणि तरी पाणी खाली चाललंय तर मग फुटबॉल. आणि मोटार चालू असताना जॉइंटला साबणाचा फेस लावून बघायचा, हवा खात असेल तिथं फेस आत ओढला जातो, बाहेर फुगे येत नाहीत, हे लक्षात ठेवा. सक्शनला फुगे शोधत बसलेली माणसं मी बघितलीत, पण फुगे डिलिव्हरीच्या, म्हणजे मोटारीतून टाकीकडं जाणाऱ्या पाइपाच्या, बाजूला येतात, सक्शनला उलटं होतं.

आता पाण्याचा हिशोब बघा म्हणजे तुमची ट्यूब का हरली ते कळेल. एक इंची पाइपात मीटरमागं साधारण अर्ध्या लिटरपेक्षा थोडं जास्त पाणी मावतं. तुमचं सक्शन पाच मीटर, वरचा पाइप वळणं धरून बारा मीटर म्हटला तरी सगळं मिळून दहाएक लिटर झालं. झडपेतून मिनिटाला एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली, एवढंच पाणी गळालं तरी दहा तासांत नऊ लिटर गेलं. एवढी गळती डोळ्याला दिसत पण नाही, म्हणून झडप "तशी बरी बसतीय" असं म्हणून चालत नाही, ती बसली पाहिजे म्हणजे बसलीच पाहिजे.

दुसरी गोष्ट वजनाची. मोटार बंद झाली की त्या झडपेवर आडातलं १६ फूट आणि वरचं २५ फूट, असं ४१ फूट पाणी उभं राहतं, साडेबारा मीटर. दहा मीटर पाणी म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलो, तर तुमच्याकडं सव्वा किलो. एक इंची पाइपाचं तोंड साधारण पावणेसहा चौरस सेंटिमीटर, म्हणजे त्या एवढ्याशा रबरावर सात किलोचं वजन रात्रभर. सायकलची ट्यूब एक मिलिमीटर पण जाड नसती, ती त्या भोकात पोटासारखी आत ओढली जाती, कड निसटती आणि संपलं. शिवाय ट्यूबचं सोल्युशन पीव्हीसीवर पाण्याखाली टिकत नाही, सोल्युशन रबराला रबर चिकटवायला असतं.

तर करायचं कसं. माझ्या हातून आजपर्यंत बऱ्याच झाल्या असतील आणि त्यातनं एकच शिकलो, लोक चांगलं रबर शोधत फिरतात, पण झडप टिकते ती रबर जिथं बसतं त्या कडेवर. त्या कडेला सीट म्हणतात. सीट सपाट आणि गुळगुळीत असेल तर साधं रबर पण पाणी धरतं, आणि सीट खरबरीत असेल तर बाजारातला महागातला महाग रबर लावा, गळणारच.

दोन इंचीला एक इंची बसतं तो बुश आणा, दोन इंची पाइपाचा वीतभर तुकडा आणि एक इंची पाइपाचा अर्धा वीत तुकडा. बुशच्या आत एक इंची पाइप ज्या कडेला अडतो ती कड गोल कानसीनं घासून काढायची, म्हणजे पाइप आरपार जाईल. पाइप आरपार घालून वरच्या बाजूला एक सूत, म्हणजे साधारण तीन मिलिमीटर, बुशच्या वर राहील असा ठेवायचा आणि पीव्हीसीच्या सोल्युशननं पक्का करायचा. हा वर आलेला काठ म्हणजे तुमची सीट. बरेच जण सगळ्या बुशच्या तोंडावरच रबर बसवतात, पण रुंद जागेवर वजन पसरतं आणि एक वाळूचा कण कुठंही आला की झडप उचलली जाते. अरुंद काठावर तेच वजन एकवटतं आणि रबर कणाभोवती पण दबून बसतं.

सोल्युशन वाळायला रात्र द्या. मग जाड सपाट काच घ्या, टेबलाच्या काचेचा तुकडा चालतो, त्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर, सीट खाली करून इंग्रजी आठ काढत घासायचं, मग ४०० नंबर पाणी लावून. मग रबरावर थोडं काजळ चोळून सीटवर दाबून उचलायचं. सीटवर काळं वर्तुळ कुठंही न तुटता उठलं पाहिजे. एका जागी तुटलं की परत काचेवर. या कामाला अर्धा तास जाऊ दे, एक तास जाऊ दे, बाकी सगळं झटपट केलं तरी चालेल पण इथं घाई करू नका.

रबर एक सूत जाडीचं शीट घ्या, ट्रॅक्टरच्या किंवा ट्रकच्या जुन्या ट्यूबचं पण चालतं पण पाणी प्यायला वापरत असाल तर नको, त्याला वास असतो आणि आत काय काय मिसळलंय सांगता येत नाही, मग फूड ग्रेड सिलिकॉनचं शीट मिळतं ते घ्या. ४२ मिलिमीटरचा गोल कापायचा, पण त्याला एका बाजूला शेपटी ठेवायची. शेपटी म्हणजेच बिजागरी. गोलाच्या मधोमध बोल्ट, त्याला वरून मोठा वायसर, ३५ मिलिमीटरचा, आणि खालून लहान, २० चा. वरचा वायसर भोकापेक्षा मोठा असल्यामुळं रबर आत ओढलं जात नाही, खालचा भोकात आरामात जातो आणि सीटला लागत नाही. तुमच्या पहिल्या झडपेत वायसर नव्हता, तिथंच ती गेली. बोल्ट, नट, वायसर सगळं स्टेनलेस किंवा पितळी, साधं लोखंड घातलंत तर वर्षात गंजून भुगा होईल.

शेपटी बुशच्या तोंडावर छोट्या स्टेनलेस स्क्रूनं बसवताना तिच्याखाली तेवढ्याच, म्हणजे एक सूत, जाडीची पट्टी घाला. नाहीतर शेपटी खाली आणि सीट वर, रबर तिरपं होतं आणि पुढची कड उघडी राहते. हे विसरणारे खूप आहेत. आणि झडप पूर्ण उभी होऊ द्यायची नाही, वरून एक स्टेनलेसची आडवी काडी दोन इंची पाइपात आरपार घाला, जेणेकरून झडप ६० अंशाच्या आसपास उघडून थांबेल. उभी झाली तर परत पडायचंच विसरते, आणि लांबून पडली तर मोटार बंद केल्यावर पाइपात धाडकन आवाज येतो. काडीच्या भोकांना बाहेरून सोल्युशन लावून बंद करा, नाहीतर तिथनंच गळेल.

वर दोन इंचीवरून एक इंचीवर यायला रिड्यूसर. पण तो जॉइंट सोल्युशननं कायमचा करू नका, आटे असलेली फिटिंग लावा म्हणजे पुढं कधी खोलता येईल, टेफ्लॉन टेप नीट सात-आठ वेढे. हा जॉइंट पाण्याखाली असतो म्हणून "इथं कुठं हवा खाणार" असं वाटतं, आणि खरंच हवा खात नाही, पण मोटार बंद असताना आतलं पाणी इथनं बाहेर जातं, परिणाम तोच.

खाली जाळी. एक इंची पाइपाच्या खालच्या तुकड्याला टोपी लावून त्याला भोकं पाडतात आणि पाच-पंचवीस पाडून सोडून देतात. भोकांचा एकूण रस्ता पाइपाच्या चौपट तरी पाहिजे, कारण निम्मी भोकं शेवाळानं नाहीतर पानांनी बुजणारच आहेत. ५ मिलिमीटरची भोकं असतील तर सव्वाशेच्या आसपास लागतात. एवढी अर्ध्या वितीत मावत नाहीत, तर जाळीचा तुकडा लांब घ्या. आडाच्या तळापासून फूटभर वर आणि उन्हाळ्यात पाणी जिथवर उतरतं त्याच्या दीड फूट खाली ठेवा, वर आलं की भोवरा होतो आणि मोटार हवा ओढते. कृष्णाकाठच्या लोकांना हे सांगायला नको, २०१९ च्या पुरानंतर किती आडात नि विहिरीत गाळ भरला होता, त्या वर्षी फुटबॉलच्या तक्रारी घेऊन येणारे सगळे गाळाचे होते, झडपेत बारीक माती बसलेली.

बसवायच्या आधी जमिनीवर टेस्ट करा. झडपेला वर सहा फुटी पाइप लावा, उभा बांधा, पाणी भरा, खूण करा, रात्रभर ठेवा. चार बोटांपेक्षा जास्त उतरलं नाही तर बिनधास्त आडात सोडा, कारण पाण्याचं वजन जास्त असलं की रबर आणखी दाबून बसतं, कमी वजनाला जी धरते ती जास्त वजनाला धरतेच. उलटं मात्र नसतं.

स्प्रिंग घालू का, असं पुढं विचाराल म्हणून आत्ताच सांगतो, सक्शनला नको. पंप पाणी ओढत नसतो, पंप फक्त जागा रिकामी करतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. समुद्रकाठी ती हवा जास्तीत जास्त १०.३ मीटर ढकलू शकते, आपल्या सांगलीत साडेनऊच्या थोडं वर, साताऱ्यात साडेनऊच्या जरा खाली, महाबळेश्वरला तर पावणेनऊच. त्यातनं पाइपातलं घर्षण, वळणं, जाळी, झडप असं जाऊन हाताशी सहा-सात मीटर उरतं. स्प्रिंग दाबायला त्यातलंच खर्च होतं. तुमचे १६ फूट आहेत म्हणून एकवेळ चालून जाईल, पण मे महिन्यात पाणी २० फुटांवर गेलं की त्याच स्प्रिंगमुळं मोटार पाणी धरायची बंद होईल. सक्शनची झडप स्वतःच्या वजनानं पडणारी पाहिजे, आणि त्यासाठी ती उभी पाहिजे, पाइप तिरका असेल तर बिजागरी वरच्या बाजूला येऊ द्या.

अजून एक युक्ती आहे जी मी सगळ्यांना सांगतो. स्ट्रॉमध्ये सरबत ओढून वरनं बोट लावलं की खाली पडत नाही ना, तसं मोटारीच्या डिलिव्हरीला लगेच एक बाजारातला पितळी एनआरव्ही (नॉन रिटर्न वॉल्व्ह, पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी तयार झडप) लावा. स्लॅबवरच्या २५ फुटांचं वजन तो एनआरव्ही घेतो, आडातल्या झडपेवर फक्त १६ फूट राहतात, आणि ती झडप थोडी गळाली तरी वरून हवा यायला वाट नसल्यामुळं सक्शन भरलेलं राहतं, फक्त सक्शनचे जॉइंट पक्के पाहिजेत. हा वरचा एनआरव्ही मात्र घरी करू नका. त्याच्यावर प्रत्येक वेळी मोटार बंद झाली की दणका बसतो. आणि टाकीत पाइपाचं तोंड पाण्यात बुडालेलं असेल तर ते पाण्याच्या वर घ्या, नाहीतर झडप गळाली तर अख्खी टाकी उलटी आडात येईल, मोटारीचा पंखा पण उलटा फिरतो.

तोपर्यंत आईंना सांगा, पाणी येत नसेल तर मोटार अर्ध्या मिनिटाच्या वर चालू ठेवायची नाही. आतल्या सीलला पाणीच गार ठेवतं, कोरडी चालली की सील जळतं आणि मग शाफ्टच्या बाजूनं पाणी वाइंडिंगकडं येतं. ओल्या हातानं बूच उघडायचं असतं म्हणून ३० मिलीअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच लाइट तोडणारा स्विच, बसवून घ्या, हे मी विनंती म्हणून सांगतोय. आणि फुटबॉल बघायला आडात कुणी उतरायचं नाही. जुन्या आडात खाली हवा वाईट असते, माणूस बेशुद्ध पडतो आणि काढायला गेलेला दुसरा पण पडतो. पाइप दोरीनं वर ओढा, पीव्हीसी हलकाच असतो.

प्रश्न : तासगाव भागात द्राक्षबाग आहे, दोन एकर. ड्रीपला व्हेंच्युरीनं (वाहत्या पाण्याच्या ओढीनं बॅरलमधलं खत लाइनमध्ये खेचणारी नळी) विद्राव्य खत सोडतो. लाइट गेली की खताच्या बॅरलमधलं पाणी परत विहिरीकडं जातं असा संशय आहे, विहिरीच्या पाण्याला एकदा फेस दिसला. तुमच्या मागच्या एका उत्तरात रबरी झडपेचं वाचलं होतं, तशीच सव्वादोन इंची लाइनला करावी का?

उत्तर : नाही. इथं मी घरच्या झडपेला साफ नाही म्हणणार.

आडातली झडप गळाली तर तुम्हाला चार तांबे पाणी ओतावं लागतं. इथं गळाली तर विहिरीत खत जातं, आणि कुणी त्याच बॅरलमधून बुरशीनाशक सोडत असेल तर ते पण. त्या विहिरीचं पाणी मजूर पितात, जनावरं पितात, शेजारच्या वस्तीवर जातं. तुम्ही फेस बघितलाय म्हणजे हे संशयापुरतं राहिलेलं नाही, आजपासून ते पाणी पिण्याला बंद करा आणि तपासायला द्या.

कंपनीचा एनआरव्ही घ्या, पंप आणि व्हेंच्युरी यांच्या मध्ये बसवा, व्हेंच्युरीच्या पुढं बसवून काही उपयोग नाही हे पण सांगतो कारण तसं बसवलेलं मी बघितलंय. पंपाजवळ लाइनच्या उंच जागी एअर वॉल्व्ह पण लावा, लाइट जाते तेव्हा लाइनमधलं पाणी खाली धावतं आणि मागं पोकळी होते, ती पोकळी बॅरलमधलं ओढते, एअर वॉल्व्ह असला की हवा आत येते आणि ओढ तुटते. आणि बॅरलच्या नळीला वेगळा बॉल वॉल्व्ह, खत संपलं की हातानं बंद. तीन अडथळे झाले की मग झोप लागेल.

प्रश्न : जावळी तालुक्यात आमचं घर डोंगराच्या उतारावर आहे. खाली ओहोळ बारमाही, घर त्याच्यापासून पन्नास फूट वर. लाइटचा भरवसा नाही. माझ्या धाकट्या दिरानं विजेशिवाय चालणाऱ्या रॅम पंपाचं कुठंतरी बघितलंय आणि त्यातल्या दोन्ही झडपा घरीच करू म्हणतोय. जमेल का? (एक वाचक, जावळी)

उत्तर : ताई, दिराला शाबासकी द्या, विचार अगदी बरोबर केलाय. हा पंप नवा नाही, १७९६ साली फ्रान्समध्ये जोसेफ मोंगोल्फिए यांनी आपोआप चालणारा रॅम काढला, गरम हवेचा फुगा उडवणाऱ्या दोन भावांपैकी एक. वर उचलायला दुसरी कुठलीच ताकद नाही, वाहतं पाणी एकदम अडवलं की जो दणका बसतो त्याच दणक्यावर थोडं पाणी वर चढतं. वरच्या उत्तरात पाइपात धाडकन आवाज येतो म्हणून झडप थोडीच उघडा असं सांगितलं ना, तोच आवाज इथं कामाला लावलाय.

ओहोळावर वरच्या बाजूला बांध घालून पाणी पाइपानं खाली आणायचं, समजा दहा फूट, तीन मीटरचा उतार मिळाला. तुमचं घर १५ मीटर वर. मिनिटाला २० लिटर पाणी खाली येत असेल तर २० ला ३ नं गुणून १५ नं भागा, चार आलं, त्याचं निम्मं धरा कारण निम्मी ताकद तरी वाया जातेच. मिनिटाला दोन लिटर. ऐकायला थोडं वाटतं, पण हा पंप रात्रंदिवस चालतो, दिवसाला २,८८० लिटर झाले, घराला भरपूर. बाकीचं पाणी परत ओहोळातच जातं, वाया जात नाही.

झडपा दोन. एक खालची, जी पाणी बाहेर सोडते आणि वेग आला की आपोआप धाडकन बंद होते. दुसरी वरची, जी दणक्याला उघडून पाणी हवेच्या डब्यात घेते आणि परत येऊ देत नाही. मिनिटाला ६० ठोके पडले तर दिवसाला ८६,४०० वेळा ती झडप आपटणार. ट्यूबच्या रबराची शेपटी किती दिवस टिकेल सांगा? म्हणून दोन्ही पितळी घ्या, वरची साधी स्विंग एनआरव्ही, खालची पितळी फुटबॉल उलटा बसवून त्याच्या दांड्याला वजन लावून करतात. वजन कमी-जास्त केलं की ठोक्यांचा वेग बदलतो, दिराला त्यात दोन दिवस गंमत येईल आणि ते दोन दिवस त्याला द्या, पंप तिथंच जुळतो. घरी करायचं ते हवेचा डबा, बांध आणि गाळणी, त्यातच खरी मेहनत आहे.

वरून येणारा पाइप उताराच्या पाच पट लांब, पंधराएक मीटर, आणि जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा, मऊ पाइप फुगतो आणि दणका गिळून टाकतो. डब्यातली हवा हळूहळू पाण्यात विरघळून संपते, त्यासाठी वरच्या झडपेच्या जरा खाली दीड मिलिमीटरचं एक भोक पाडतात, दर ठोक्याला तिथनं थुंकीएवढं पाणी उडतं आणि चिमूटभर हवा आत जाते. ते भोक गळतंय म्हणून कुणीतरी बुजवतं आणि महिन्यानं पाइप फुटतो, तेव्हा घरात सगळ्यांना सांगून ठेवा. पावसाळ्यात मात्र सगळं उचलून वर ठेवा, जावळीचा पाऊस ओहोळात काही ठेवत नाही.

प्रश्न : मी नववीत आहे, कराड. विज्ञान प्रदर्शनाला कूलरच्या पंपावर एकाच दिशेनं पाणी जाऊ देणारा वॉल करून दाखवायचाय. सोपा आणि बाहेरून दिसणारा पाहिजे. सर म्हणाले, माहीत असलेल्या वस्तूंतून कर.

उत्तर : बाळा, तुझ्या सायकलमध्ये एक आहेच. जुन्या पद्धतीच्या वॉलला ती बारीक रबरी नळी असते ना, वालट्यूब. पितळी काडीच्या बाजूला एक भोक आणि त्यावर घट्ट नळी. आतून हवा आली की नळी फुगून वाट देते, बाहेरून दाब आला की तीच नळी भोकावर दाबली जाते. पेनाची रिकामी नळी घे, एक टोक बंद कर, बाजूला भोक पाड, वर वालट्यूब चढव, झाला तुझा पहिला वॉल. पण हा उघडायला जोर लागतो म्हणून पंपाच्या बाहेरच्या बाजूलाच लाव.

दुसरा गोटीचा, तो प्रदर्शनाला छान दिसेल. गोटीसोडा प्यायलायस का? त्या बाटलीत गोटी आतून गॅसनं वर दाबलेली असते, गळ्यातल्या रबरी रिंगवर. हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसानं १८७२ साली ही बाटली काढली. तू ती उलटी कर. पारदर्शक नळी घे, आतून २० मिलिमीटरपेक्षा रुंद, खाली १२ मिलिमीटर भोकाचा रबरी वायसर बसव, त्यावर १६ मिलिमीटरची काचेची गोटी, आणि गोटी वर निसटू नये म्हणून एक आडवी काडी. पंप चालू केला की गोटी नाचते, बंद केला की टक् करून बसते. नळी २० पेक्षा अरुंद घेऊ नको, गोटीच्या बाजूनं पाण्याला भोकाएवढी तरी वाट पाहिजे.

कुणी विचारलं की किती जोरानं उघडतो, तर हे सांग. ती गोटी साधारण साडेपाच ग्रॅमची, पाण्यात बुडाली की सव्वातीन ग्रॅमएवढीच वाटते, भोक १.१३ चौरस सेंटिमीटर, म्हणजे तीन सेंटिमीटर पाण्याच्या उंचीएवढा दाब पुरतो. मग तेवढ्याच आकाराचा सायकलच्या दुकानातला लोखंडी छर्रा टाकून दाखव, त्याला तेरा सेंटिमीटर लागतात. बाजूला पट्टी चिकटवून ठेव म्हणजे बघणाऱ्याला मोजता येईल.

दुकानातून पाच-सहा गोट्या आण आणि प्रत्येक बोटात धरून उजेडात फिरव. बऱ्याच गोट्यांना साच्याची बारीक रेघ असते नाहीतर टवका उडालेला असतो, त्या गळतात. ज्या गोटीवर नख कुठंच अडत नाही ती वॉलला ठेव, बाकीच्या खेळायला.